मोहरीची पोटबोली

माझ्या खानावळीतून बत्तीस वर्षांत एकही माणूस अर्धपोटी उठलेला नाही. ही बढाई नाही, मिरजेत कुणालाही विचारा. सुनंदा मगदूमच्या ताटावर बसलेला माणूस 'पुरे' म्हणाला की त्याच्या ताटात आणखी एक भाकरी पडते, पुन्हा 'पुरे' म्हणाला की अर्धी, आणि तिसऱ्यांदा म्हणाला की मी 'बरं, आमटी तरी घे' म्हणते. जेवणाऱ्याने नको म्हणायचं आणि वाढणाऱ्याने ते ऐकायचं नाही, अशीच आपली रीत आहे. पहिल्या 'पुरे'ला हात आखडता घेतला तर त्या माणसाला वाटेल, हिला मी जड झालो. म्हणून दिवाळीनंतर एका वीतभर पालीने माझ्या हातच्या खाण्याकडे पाहून तोंड फिरवलं, तेव्हा मला काळजी वाटायच्या आधी राग आला, हे आधीच सांगून टाकते.

पाल माझी नव्हे, माझ्या मुलीची, ऋजुताची. दोन वर्षांपूर्वी ती चिलीला तारे बघायच्या मोठ्या दुर्बिणीच्या कामावर गेली आणि जाताना पालीची काचेची पेटी खानावळीमागच्या माझ्या झोपायच्या खोलीत ठेवून गेली. भिंतीवर पाल दिसली की झाडू शोधणारी मी. पण ही भिंतीवर चढत नाही, जमिनीवरून चालते. हिला पापण्या आहेत, ही आपल्यासारखी डोळे मिटून झोपते. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, तेलात मोहरी तडतडल्यासारखे, म्हणून ऋजुताने नाव ठेवलं मोहरी. खाणं मात्र जिवंत अळ्यांचं. दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी, आणि आत कपाटात अळ्यांचा डबा! मी त्यांना शेवया म्हणायला लागले. भाकऱ्या थापणारी मालन सोडली तर हे गुपित कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिले पंधरा दिवस मी चिमट्याने शेवई टाकून लांब पळत होते. मग एके दुपारी पेटी पुसताना ती माझ्या तळहातावर चढली आणि बसून राहिली. पोट गार, पायाची बोटं इतकी बारीक की टोचतही नव्हती. माझे हात दिवसभर चुलीजवळ असतात, त्यांची ऊब तिला आवडली असेल. तिने एक डोळा मिटला, मग दुसरा. ऋजुताचे बाबा गेल्यापासून माझ्या हातावर विसंबून कुणी झोपलं नव्हतं. तेव्हापासून माझा तिच्यावर जीव जडला.

आणि माझा जीव जडला की मी वाढते, दुसरं मला काही येत नाही. ऋजुताने कागदावर लिहून ठेवलं होतं, एक दिवसाआड पाच. मी रोज दहा द्यायची. सहा-सात झाल्या की ती मान बाजूला करायची, मग मी शेवई तिच्या नाकासमोर हलवायची, की ती झडप घालून घ्यायची. बघा, म्हणायची मी, नुसते नखरे. वर्षभरात तिचं शेपूट मुळ्यासारखं जाडजूड झालं आणि मला वाटलं, माझ्या हाताला यश आहे.

त्याच सुमारास मिरजेत पोटबोलीचं खूळ आलं. पोटाला टिकलीएवढी चकती चिकटवायची, की पोट काय म्हणतंय ते फोनवर दिसतं. हिरवा दिवा म्हणजे हवंय, पिवळा म्हणजे पुरे, लाल म्हणजे नको. मुळात ती निघाली होती काचेच्या पेटीतल्या तान्ह्या बाळांसाठी आणि वाचा गेलेल्या रुग्णांसाठी. पण लग्नातल्या पंगतींपर्यंत पोचायला तिला वर्षही लागलं नाही. आया पोरांना लावू लागल्या, आणि पोरं आयांना पुरावा दाखवू लागली. माझ्याकडे नर्सिंगच्या दोन मुली येत. त्या फोन ताटाशेजारी उभा करून ठेवायच्या. माझ्या हातात पळी आणि त्यांच्या फोनवर पिवळा दिवा. मी भिंतीवर पाटी लावली, 'कृपया टिकली काढून जेवायला बसावे'. एक म्हातारे गृहस्थ ती पाटी वाचून बायकोच्या कपाळाकडे बघत दारातच उभे राहिले. तेवढं सोडलं तर पाटीचा चांगला उपयोग झाला.

दिवाळीनंतर मोहरीने खाणं सोडलं. ऊबदार दगड सोडून ती गार कोपऱ्यात जाऊन बसली. शेवई हलवली, तर बघेना. दुसऱ्या दिवशी मधात बुडवून दिली. तिसऱ्या दिवशी अळी मेलेली असेल म्हणून नवा डबा मागवला. पाचव्या दिवशी मला राहवेना. आजारी माणसाला आपण काय देतो? मी तांदळाची मऊ पेज केली, त्यात थेंबभर तूप घातलं, कोमट केली आणि डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने तिच्या ओठांच्या फटीतून सोडली. ऋजुताला तापात मी अशीच पेज भरवायची. मोहरीने डोकं झटकलं. मी म्हटलं, दोनच थेंब बाई, माझ्यासाठी. संध्याकाळपर्यंत तिच्या नाकावर बुडबुडा आला आणि ती तोंड उघडून श्वास घेऊ लागली.

डॉक्टर इम्तियाज जमादार जनावरांचे डॉक्टर. अकरावी-बारावीची दोन वर्षं ते माझ्याकडेच जेवायला होते, त्यामुळे मी त्यांना अजून अरेतुरे करते. इम्तियाजने मोहरीला हलक्या हाताने उचललं, एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावून पाहिला. मग त्याने विचारलं, खायला काय काय दिलं? मी सगळं सांगितलं. पेजेचं सांगताना माझा आवाज बारीक झाला.

तो म्हणाला, पेजेचा अंश श्वासनळीत गेलाय, त्यावर औषध आहे. खरं दुखणं यकृताचं. हिचं शेपूट म्हणजे हिची कोठी. दोन घास जास्त मिळाले की ही चरबी करून शेपटात साठवते, दुष्काळात महिनोन्महिने त्यावर काढते. पण कोठी भरून वाहायला लागली की ती चरबी यकृतात शिरते. तिथून ही आजारी पडली, भूक मेली. भूक मेल्यावर अंगातली चरबी यकृताकडे आणखीच धावते. असा तो फेरा आहे.

"म्हणजे मी खाऊ घालून आजारी पाडली?"

त्याने खणातून एक टिकली काढली, मोहरीच्या पोटाला ओल्या बोटाने चिकटवली आणि टेबलावर एक छोटी डबी ठेवली. डबीवर लाल दिवा लागला. माझ्या पाटीचं त्याने ऐकलं होतं, हे त्याच्या मिशीतल्या हसण्यावरून कळलं.

ती टिकली काय करते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. पोटापासून मेंदूपर्यंत एक लांब नस जाते, व्हेगस तिचं नाव. पोट रिकामं आहे, भरलंय, बिघडलंय, ही बातमी तिच्यातून बारीक विजेच्या ठोक्यांनी वर जाते. मासा, बेडूक, पाल, माणूस, सगळ्यांना ही नस आहे. माणूस जन्माला यायच्या कोट्यवधी वर्षं आधी या ठोक्यांची रीत ठरली, आणि ती फारशी बदललेली नाही. टिकली कातडीवरून ते ठोके टिपते आणि डबीतलं यंत्र त्यांचा अर्थ लावतं. पालीसाठी ठोक्यांचा वेग वेगळा धरावा लागतो, एवढाच फरक.

मग त्याने चिमट्यात शेवई धरून मोहरीच्या नाकासमोर जोरात हलवली. मोहरीने मरगळल्या अंगानेही झडप घातली. डबीवरचा दिवा लालच होता.

घेतली की तिने, मी म्हटलं.

घेतली नाही, तोंड मारलं, असं तो म्हणाला. हलणारी वस्तू दिसली की हिचा जबडा आपोआप सुटतो, आपल्या डोळ्यासमोर टाळी वाजवली की पापणी मिटते तसा. ते काम डोळ्याचं आणि जबड्याचं, पोटाला कुणी विचारतच नाही. मोहरीने ती शेवई थोडा वेळ तोंडात धरली आणि बाहेर सोडली. जवळजवळ दोन वर्षं मी रोज हेच करत होते. नखरे नव्हते ते. 

इम्तियाज हात धुऊन आला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला. "काकू, रागवू नका. मी दोन वर्षं तुमच्याकडं जेवलो. रोज शेवटची भाकरी रुमालात बांधून न्यायचो आणि स्टँडवरच्या कुत्र्याला घालायचो. तुम्हाला नाही म्हणायची छातीच झाली नाही कधी."

मला त्या क्षणी त्याचा राग यायला हवा होता. पण मला तो रुमालच दिसत राहिला, तेलकट, चार घड्यांचा. किती जणांचे असे रुमाल असतील कोण जाणे.

उपचार असा ठरला. टिकली आणि डबी घरी न्यायची. सकाळी जिभेवर औषधाचा एक थेंब, पोटाखाली बत्तीस अंशांची ऊब, पाण्याची वाटी, आणि खाणं बंद. दिवा हिरवा होऊन दहा मिनिटं हिरवाच राहिला, तरच एक शेवई, तीही वाटीत ठेवायची, हलवायची नाही. वीस दिवस वाट बघायची. तोवर तिने स्वतःहून काही गिळलं नाही, तर घशातून नळी घालून भरवावं लागेल, नाहीतर यकृत जाईल. पण या फुप्फुसांना नळी सोसेल याची खात्री नाही, हेही त्याने सांगितलं. ती वाचेल का, असं मी विचारलं. स्वतःहून गिळलं तर वाचेल, तो म्हणाला, मग ते काहीही असो.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही करायचं नाही, काकू. तेच औषध आहे, आणि ते तुम्हालाच अवघड जाणार."

पाच दिवस दिवा लाल होता. सहाव्या दिवशी पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. नाकावरचा बुडबुडा गेला, श्वास सुधारला. पण वजन त्रेसष्ट ग्रॅमवरून एकसष्ट, मग साठ. मी दर अर्ध्या तासाने खोलीत जायची, डबी बघायची आणि परत यायची. माझं स्वतःचं जेवण घशाखाली जाईना. मालन म्हणाली, "बाई, पाल खात न्हाई म्हनून तुमी उपाशी? उद्या ती बरी हुईल आन् तुमी आडव्या पडाल." मी तिच्यावर खेकसले. मग तिने मला काहीही न म्हणता एक ताट झाकून ठेवलं आणि निघून गेली. संध्याकाळी भूक लागली तेव्हा मी ते खाल्लं. कुणी समोर उभं नसताना जेवायला बरं वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी माझा धीर सुटला. दिवा पिवळाच होता. मी म्हटलं, एक शेवई, फक्त एक, यंत्राला काय कळतंय. चिमट्यात धरली, हलवली. मोहरीने डोकं उचललं, मान ताणली, जबडा सुटायच्या बेतात आला. तिचे डोळे शेवईवर होते. तिने ती घेतली असती, माझ्यासाठी नव्हे, भुकेसाठीही नव्हे, नुसती हलली म्हणून. मी हात मागे ओढला. चिमटा फरशीवर टाकून दिला. मी पलंगावर बसून रडले, आणि पेटीतून मोहरी माझ्याकडे बघत राहिली.

त्याच दुपारी ऋजुताचा फोन आला. तिला आजाराचं कळवलं होतं, डबीचा दिवा तिच्या फोनवरही दिसत होता. पण पेजेचं मी लपवलं होतं. त्या दिवशी सांगून टाकलं. रोज दहा शेवया, ड्रॉपर, आत्ताचा चिमटा, सगळं. म्हटलं, तुझी पाल मी मारायला निघाले होते.

 मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "आई, तू मला दोन वर्षांत एकदाही कशी आहेस असं विचारलेलं नाहीस. जेवलीस का, एवढंच विचारतेस. मी हो म्हणते. मग तू काय जेवलीस विचारतेस, मी काहीतरी सांगते, आणि फोन संपतो."

"मग खोटं सांगतेस?"

"कधी खरं, कधी खोटं. तो प्रश्नच नाही ना आई."

मी म्हटलं, मग सांग आता, कशी आहेस? पण तोवर तिला कामावर कुणीतरी हाक मारली होती. नंतर बोलू म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्या तोंडात तिला सांगायला थालीपीठाची एक सोपी रीत तयार होती. ती तशीच गिळली.

अठराव्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास खानावळ गच्च भरलेली असताना मी खोलीत डोकावले, तर मोहरी पिवळी राहिलीच नव्हती. पिठात लोळवल्यासारखी पांढुरकी झाली होती, ठिपके सुद्धा दिसेनात. मी घाईने फोनवर इम्तियाजला दाखवलं, तर तो म्हणाला, अहो, कात टाकतेय ती! चांगलं लक्षण आहे. अंगावर ओलं फडकं पिळा, आणि आधी ती टिकली काढा, नाहीतर कातीबरोबर गिळून बसेल.

टिकली काढली तर मला कळणार कसं, मी विचारलं.

"बघा की," तो म्हणाला. "डोळे हायत की तुम्हाला."

मी ओल्या कापसाने टिकलीची कड सोडवायला लागले. मोहरी अंग चोरून उभी होती. कड अर्धी सुटली आणि माझी नजर डबीवर गेली. दिवा हिरवा होता. अठरा दिवसांत पहिल्यांदा. माझा हात तिथेच थांबला. अठरा दिवस ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि तेच मला विझवायचं होतं. दहा मिनिटं मोजायला सवड नव्हती. एक शेवई मी वाटीत टाकली, हलवली नाही. मग दात आवळून टिकली ओढली. डबी काळी पडली.

दहा सेकंदांत ऋजुताचा फोन. तिच्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, ती दुर्बिणीपाशी कामावर होती. तिने हिरवा दिवा पाहिला होता आणि लगेच तो विझलेला पाहिला होता.  आई, गेली का ती, एवढंच म्हणाली.

मी फोन पेटीकडे वळवला. मोहरीने नाक दगडावर घासलं. ओठाजवळची कात फाटली. तिने मान वाकडी करून कातीचं टोक तोंडात धरलं, ओढलं, आणि पोलक्याच्या बाहीतून हात काढावा तसा पुढचा पाय कातीतून बाहेर काढला. निघालेली कात तिने गिळली. मग दुसरा पाय, त्याची कातही गिळली. मधात बुडवलेली शेवई नाही, माझी पेज नाही, तिने पहिला घास खाल्ला तो स्वतःच्या अंगावरचा. बत्तीस वर्षं वाढण्यात गेलेली मी बाजूला उभी होते आणि त्या घासात माझा काहीही हात नव्हता. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

नळी टळली, मी ऋजुताला म्हटलं. बाहेरून कुणीतरी आमटी मागत होतं. मालनला हाक मारून सांगितलं, आज तूच वाढ.

तासाभरात मोहरी नवी कोरी झाली, पिवळीधमक, ठिपके ठसठशीत. ऋजुताने फोन ठेवला नाही, मीही नाही. मोहरी जीभ ओठांवरून फिरवत शेवईच्या वाटीपाशी आली, थांबली.

"आई, दे ना तिला. भूक लागलीय तिला. जरा समोर हलव."

"नको," मी म्हटलं. "वाटीत आहे. हवी असेल तर घेईल."

मोहरीने वाटीकडे पाहिलं, वळसा घालून ऊबदार दगडावर गेली, एक डोळा मिटला, मग दुसरा. फोनवर ऋजुताचा चेहरा हलत होता, ती हसत होती की रडत होती ते मला नीट दिसेना. तिच्या पोटाला काही टिकली लावलेली नव्हती. म्हणून मी विचारलं, ऋजू, तू कशी आहेस? आणि ती बोलायला लागेपर्यंत गप्प बसून राहिले.